पाणी कुठे मुरतं

रागिब रोज सकाळी एक बाटली ओततो.
बाटली सरबताची, पाणी नळाचं.
नळाचं नको, गुलाबी कूलंट घाला, मी ओरडते.
गुलाबी महाग पडतं पोरी, तो म्हणतो,
जायचंच आहे तर स्वस्तातलं जाऊ दे.

जमिनीवर मात्र थेंब नाही.
हिल्मोने रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरला,
शिलाई मशिनच्या खोक्याचा.
सकाळी तो कोरडा ठणठणीत,
मांजराच्या पावलांचे चार ठसे सोडले तर.

म्हणजे आतच कुठेतरी मुरतंय.

टाकीच्या तोंडावर पंप बसवून मी हवा भरली, दीड बार.
काटा उभा राहिला, राहिला,
आणि आम्ही कॉफी पिऊन येईपर्यंत
केसभर खाली बसला.
होसपाइप सगळे चाचपून झाले, क्लिपा आवळून झाल्या.
पंपाच्या पोटाखाली बोट फिरवलं. कोरडं.
ऑइलचं झाकण उघडलं,
आत लोण्यासारखा फेस नाही.
हेड गॅस्केटला दोष द्यायला मी अगदी तयार होते,
पण निळं औषध निळंच राहिलं.
हिल्मो हसला : घाई असते तेव्हा
माणूस सगळ्यात महागडा रोग आधी शोधतो.

मग मला सायलेन्सरमागे बसवलं.
थंड इंजिन, पहिली किल्ली.
आधी पांढरा धूर, बराच वेळ विरेना,
त्याला वास गोड, नको इतका गोड.
मग ॲक्सिलरेटर दाबला तशी काळी पिचकारी,
थेट माझ्या बुटांवर.
पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे काजळी.
दोघांचं भांडण आत कुठल्या खोलीत चाललंय,
तेवढंच शोधायचं होतं.

आता झेनित्सात काजळीला कोण पुरावा मानतो?
डोक्यावर पोलादाचा कारखाना आहे.
कपडे दोरीवरून काढताना झटकायचे,
खिडकीची कड पुसायची, तासाभराने परत पुसायची,
बर्फसुद्धा इथे दुसऱ्या दिवशी राखाडी होतं.
काळं बोट दाखवून कुणावर आळ घेता येत नाही.

चार बोल्ट. एक गंजलेला, त्याने दुपार खाल्ली.
धूर परत इंजिनात नेणारा पाइप सुटला,
मागोमाग त्याचा कूलर.
आत डांबरासारखे थर,
स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावेत इतके जाड.
मी टॉर्च धरला.
आणि त्या सगळ्या काळ्यात
एक पट्टा, करंगळीएवढा,
धुतलेला, लखलखीत, धातूचा मूळ रंग.

"सापडला," हिल्मो म्हणाला.
"जिथे सगळंच काळं, तिथे स्वच्छ दिसेल त्याला धर.
तिथे कुणीतरी रोज रडून जातं."
मग स्वतःलाच लाजून
त्याने नाक पुसलं, नाक काळं झालं.

नवा कूलर तिसऱ्या दिवशी आला.
गुलाबी कूलंट भरलं, नळीतली हवा काढली,
गाडी अर्धा तास घुर्र करत ठेवली.
काटा दीड बारवर, कॉफीनंतरही दीडवर.

रागिब आला. नोटा दोनदा मोजल्या.
सारायेवोला दर गुरुवारी जायचा तो, बायकोला घेऊन,
सत्तर जायचे, सत्तर यायचे, दवाखान्यासाठी.
झुम्रेताबाई पुढेच बसायच्या, कायम.
या महिन्यात गुरुवार येऊन गेले,
त्याने आम्हाला वार विचारला नाही, आम्ही सांगितला नाही.

"बाहेरून धुतली तरी चालेल," तो म्हणाला.
"आतून नको."

फडकं माझ्या हातात होतं आधीच.
डॅशबोर्डवर धुळीचा राखाडी थर,
आणि उजवीकडे, कप्प्याच्या झाकणावर,
तळहाताएवढी जागा गुळगुळीत, स्वच्छ,
वळणावर आधाराला हात ठेवून ठेवून घासलेली.

फडकं मी खिशात कोंबलं.

नदीच्या पुलापर्यंत गाडी दिसत होती.
धूर जवळजवळ नव्हताच.
हिल्मो पुठ्ठा गुंडाळत होता,
मांजर सोडत नव्हतं.