करडईची चुलत बहीण

पाकीट गॅसच्या बिलाचं होतं.
वर पेन्सिलीनं: नॅपवीड, मोठं. खडूची जमीन. खत नको.
‘नको’खाली दोन रेघा.
डेस्मंड टॉफ्टनं ते माझ्या हातात ठेवलं
आणि आपल्या कांद्यांकडे वळला,
जणू काही दिलंच नाही.

डन्स्टेबलच्या टेकडीखाली आमच्या भाड्याच्या पट्ट्या.
फावडं मारलं की पांढरं निघतं,
फळ्याखाली साठलेल्या धुळीसारखं,
आणि धार बोथट करणाऱ्या गारगोट्या.

मी बार्शीकडची, काळ्या रानातली.
या जमिनीची मला दयाच आली.
तिला उपाशी ठेवायचं म्हणजे काय?
दोन पोती घोड्याची लीद घातली,
वर चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं,
आणि सप्टेंबरात अर्धं बी पेरलं.

पहिल्या वर्षी नुसती पानं.
दुसऱ्या जूनमध्ये माझ्या छातीला लागलं,
फूल एक नाही,
आणि एका बुधवारच्या वाऱ्यात आडवं झालं,
जेवून सतरंजीवर लवंडलेल्या वऱ्हाडासारखं.

“खाऊ घातलंस,” टॉफ्ट म्हणाला.
मी मान खाली घातली.

उरलेलं अर्धं पट्टीच्या टोकाला टाकलं,
जिथं कोबीसुद्धा रुसतो.
दिवसभर ऊन. पाणी साचत नाही.
बी वरवर पसरायचं, पंजानं दाबायचं,
माती भुरभुरायची ती पिठीसाखरेइतकी.
महिनाभर पाणी. मग विसरायचं.
आणि एकदा मूळ उतरलं की हलवायचं नाही;
गाजरासारखं सरळ खाली जातं,
तुटलं तर राग धरतं.

(याचा अर्थ काढू नका.
सत्तावीस वर्षं इकडे राहिलेल्या बाईनं मूळ म्हटलं
की लोक लगेच अर्थ काढतात.
मीही काढला होता, एका रविवारी,
आणि पालक खुरपायचा राहिला.)

कळी आली तेव्हा ओळख पटली.
खवल्याखवल्यांची, टणक, काळपट किनारीची:
अगं, ही तर करडईची कळी!
ज्वारीच्या कडेनं आम्ही लावायचो,
गुरं आत शिरू नयेत म्हणून.
हात पुढे केला, सवयीनं आधीच आखडलेला.
काही टोचलं नाही.
खरं सांगू, जरा फसवल्यासारखं वाटलं.

मग जांभळं फुललं. काठ फाटके,
घाईत कात्री चालवल्यासारखे.
मधमाश्या आत डोकं खुपसून तशाच राहायच्या.

त्याच जुलैत कमिटीच्या पॉलिन ऑर्चर्ड बाई
फळीला कागद लावून फिरल्या.
‘पट्टी एकोणीस: तण.’
मी उत्तर लिहिलं: ‘तण नाही. पेरलंय.’
नावातच वीड आहे त्याला मी काय करू,
हे लिहून खोडलं.

टॉफ्टचे गुडघे गेले. तो क्रोमरला, बहिणीकडे.
तिथून पोस्टकार्ड: पुढे समुद्र, मागे एक ओळ.
“पहिला बहर सरला? काप.”
कापलं. ऑगस्ट संपता संपता पुन्हा फुललं.
ऑक्टोबरात दुसरं कार्ड, तोच समुद्र:
“आता कापू नकोस.”
का, ते लिहिलं नव्हतं.

डिसेंबरात लीक उपटायला गेले तर
गोठलेल्या बोंडांवर तीन गोल्डफिंच,
तोंडाला शेंदूर फासलेले,
बी उपसत होते.
खाली बर्फावर कुसळांचा कचरा.
पाऊलवाटेवर ऑर्चर्ड बाई उभ्या होत्या,
फळी काखेत, पेन्सिल कानामागे.
आम्ही दोघी हललो नाही.
माझी बोटं बधिर झाली, तरी नाही.

टॉफ्टच्या पट्टीवर आता एक तरुण पोरगा आलाय.
रोज ढकलगाडीनं लीद वाहतो, शीळ घालत.
माझ्याकडे पाकीट तयार आहे, पाण्याच्या बिलाचं,
‘खत नको’, खाली तीन रेघा.
अजून दिलं नाही.
देईन अर्धं बी, मग अर्धं.