मागची बाजू

अंबड लिंक रोडच्या भंगारात रेडिओ मिळाला, साडेचारशेला.
पुसला, टेबलावर ठेवून फोटो टाकला
जिथे सगळेच असतात तिथे.
दोनशे चौदा अंगठे.
मावसभाऊ म्हणाला, केवढ्याला पडला?
शाळेतली नलू म्हणाली, किती गोड!
खाली दोन अनोळखी माणसं
एकमेकांचा बाप काढून मोकळी.

तोच फोटो दुसरीकडे,
जिथे त्रेसष्ट जण, सगळे रेडिओवाले.
अंगठा एकही नाही.
चौघांचं एकच वाक्य:
मागची बाजू दाखवा.

पुठ्ठा काढला. धूळ, झुरळाची अंडी, काळा पडलेला कंडेन्सर.
मालेगावचे मोमीनचाचा, माग थांबल्यावर, रात्री दोनला:
गुरगुर आहे की फुसफुस? नीट ऐका, भाऊ.
तिथे मला सगळे भाऊ म्हणतात.
मी दुरुस्त केलेलं नाही.
दुरुस्त करायच्या गोष्टी तिथे वेगळ्या असतात.

आणि 'चौऱ्याऐंशी'.
नाव व्हॉल्व्हवरून घेतलेलं, मला बरेच दिवस वय वाटायचं.
डाख असा, की कथलाचा थेंब आत्ताच पडलाय,
आणि तपासून झालेल्या प्रत्येक डाखावर
लाल नेलपॉलिशचा ठिपका.
कुणाची हो बाटली? चिडवलं तर म्हणाले,
मुलीची. ती सासरी गेली, ही राहिली.
चार वर्षांत स्वतःबद्दल एवढंच.

चैत्रात लिहिणं थांबलं.
फोन नंबर कुणाकडेच नव्हता.
गाव सिन्नर असावं, किंवा देवळाली.

परवा त्याच भंगारात
एक सेट उपडा, पाठ उघडी.
लाल ठिपके.
कुणाचा हो?
कामटवाड्यातले दुसाने. वारले. टेम्पोभर निघालं.
कामटवाडे. माझ्या घरापासून दोन गल्ल्या.

रात्री शोधलं, तर होते
जिथे सगळेच असतात तिथे,
कुणाच्या तरी भिंतीवर, हारासकट.
गोल चेहरा, जाड चष्मा, वय एकसष्ट.
खाली दीडशे जोडलेले हात.
त्यातले दोन माझे.
बसमध्ये असेन. दाबून पुढे गेले असेन.

सेट पुसला नाही.
पाठीचा फोटो काढला, टाकला,
वर काहीच लिहिलं नाही.
बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग दोनला मोमीनचाचा:
ठिपके सतरा आहेत.
डाख अठरा.
शेवटचा तपासून घ्या, भाऊ.

तपासला. पक्का होता.
लाल नव्हता घरात,
माझा जांभळा लावला.