वीस टक्के

नियमात एक ओळ आहे:
एकराच्या वर लेआउट पाडाल
तर शंभरातले वीस भाग
लहान प्लॉट, लहान माणसांसाठी.
'लहान माणसं' हा माझा शब्द.
नियमात 'दुर्बल घटक' आहे,
आणि टायपिस्ट मोटघरे रफार विसरला
म्हणून आमच्या फायलीत ते 'दुबल' आहेत.
तसेच मंजूर झाले.

मी आरेखक. नगरपरिषदेच्या मागच्या खोलीत
माझं टेबल, टी-स्क्वेअर, खरवडायचं ब्लेड,
आणि एक कूलर, ज्यात वाळ्याऐवजी पोतं लावलंय.
भुतडांच्या माणसानं गुंडाळी आणली.
गोकुळ विहार, भाग दोन.
परवापर्यंत तिथं तूर उभी होती,
खुंट अजून चपलेत घुसतात.

बारा मीटरचा रस्ता. हिरवं गार्डन.
टेकाडावर क्लब हाऊस.
आणि पार खाली, नाल्याच्या कडेला,
सूची जिथं संपते तिथं
तीस-तीस मीटरचे तुकडे,
कंगव्याचे दात असावेत तसे.
मोजले. बरोबर वीस टक्के.
दशांश चिन्हानंतरही बरोबर.

पण वर मुरूम आहे आणि खाली काळी.
काळी माती पऱ्हाटीची आई, भिंतीची सावत्र.
उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशी भेगाळते,
पावसात फुगते,
वरचं घर दर वर्षी थोडं थोडं
कूस बदलतं.
नियम म्हणतो, वीस.
कोणते वीस, ते म्हणत नाही.

गिरजाबाई उईके आली जेवणाच्या सुट्टीत.
त्याच लेआउटच्या रस्त्यावर मुरूम टाकते, रोजीनं.
"मले माहा प्लॉट पाहाचा हाय."
अजून सोडत व्हायची आहे, बाई.
"तं का झालं? सगळेच पाहून ठेवतो."
पदराला हात पुसून तिनं
अख्खा नकाशा फिरवला. उत्तर खाली गेली.
"पानी कोन्या अंगानं उतरते?"
बाण कुठंच नव्हता.
"हा नाला. मंग हे आमचं.
अन् हे वरतं, मुरमावर, का हाय?"
क्लब हाऊस.
"थे का रायते?"
मी म्हटलं, ज्यात कोणी राहत नाही असं घर.
ती हसली, मोटघरेनं डबा खाली ठेवला एवढ्या मोठ्यानं.
"मंग त्याले कायले पाह्यजे मुरूम?"

समतल रेषा दाखवाव्यात, असंही नियमात आहे.
कोणी दाखवत नाही. आम्ही मागत नाही.
रविवारी बांधकाम खात्यातल्या साळ्याकडून
दुर्बीण आणली. पट्टी धरली
गिरजाबाईच्या पोरानं, चौथीतल्या,
एकदाही न हलता.
नाल्याकाठच्या बाभळीला, माझ्या छातीइतक्या उंचीवर,
मागच्या वर्षीच्या पुराची चिंधी अडकलेली.
तीही मांडली, तुटक रेघेनं.
सागाच्या फळीसारखा दिसू लागला कागद.

फाईल वर गेली. परत आली. पुन्हा गेली.
भुतडाशेठ स्वतः आले, आवाज चढवला नाही,
संत्रा बर्फीचा डबा विसरून गेले.
मोटघरेनं वाटला.
मीही एक खाल्ली, खोटं कशाला बोलू.

आता फाईल जिल्ह्याला आहे.
तिथला आरेखक कोण, मला माहीत नाही.
तो ब्लेड घेऊन बसला तर
पुराची रेघ दोन मिनिटांत जाते.

जाताना गिरजाबाईनं विचारलं होतं,
"अन् दार कोनीकडं?"
प्लॉटच्या नकाशात दारं नसतात.
तसं सांगितलंही.
संध्याकाळी कार्यालयीन प्रतीवर,
चौदा नंबरात, पेन्सिलीनं,
मी पूर्वेला एक दार काढलं:
पाव वर्तुळ, मसुरीच्या डाळीएवढं,
आत उघडणारं.
तपासणीआधी खोडायला हवं.
रबर ड्रॉवरमध्येच आहे.