मोरागचे कान

एकेचाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या,
ओटागोच्या डोंगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये,
घरघरत्या यंत्राला कान लावून.
त्यात वरचे सूर गेले.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ ओढून दाखवली:
इथवर ठीक, मग एकदम कडा.
कड्याखाली गेले ते
चंडोल, किटलीची शिटी,
बायकोचं शेवटच्या आठवड्यातलं बोलणं,
आणि सोनं.

बारीक सोनं तिथूनच बोलतं.

म्हणून मॅकफीच्या घळीत आता आम्ही दोघं.
दांडा माझ्या हातात. तबकडी मी फिरवतो,
जमिनीपासून बोटभर वर,
तांदूळ निवडावेत तशी सावकाश.
हेडफोन मोरागच्या डोक्यावर.
नात माझी, तेरा वर्षांची. सोन्याचं तिला काही नाही.
आईशी भांडून आली आहे,
कशावरून ते मी विचारलेलं नाही.

"कसा आहे आवाज?"
"भांडी पडल्यासारखा."
म्हणजे डबा. कुणीतरी मांस खाल्लं
आणि इथेच भिरकावला, माझ्या आजोबांच्या जन्माआधी.
"आता?"
"कुरकुरतोय. रुसलाय कुणावर तरी."
तो लोहाळ दगड, उगाच आव आणणारा. सोडून द्यायचा.
"आता?"
"ठक्क."
बुटाचा खिळा.
या घळीत सोन्यापेक्षा खिळे फार.
आलेल्यांचे आधी बूट फाटले,
नशीब नंतर.

वर एका चिनी माणसाचं झोपडं आहे,
कॅन्टनहून आला होता म्हणतात.
पापुद्र्यांच्या दगडाच्या तीन भिंती, चूल अजून काळी.
आत मी तबकडी नेत नाही.
मोरागने कारण विचारलं नाही.
बाहेरच उभी राहिली,
टोपी उतरवावी तसे हेडफोन उतरवून.

मग दुपारी तीनच्या सुमारास
थाइमच्या एका झुडपाशी
(सगळा डोंगर थाइमचा, ओव्यासारखा उग्र,
पँटला, पावाला, चहालाही तोच वास)
ती म्हणाली, "थांबा."
"काय?"
"काही नाही. म्हणजे, आहे.
दाराआड कुणीतरी
श्वास रोखून उभं असावं, तसं."

अशी खूण मला आजवर कुणी दिली नव्हती.

कुदळीचे दोन घाव.
चुंबक फिरवलं, त्याला काळी दाढी फुटली,
आवाज मात्र मातीतच राहिला.
ओंजळभर माती प्लास्टिकच्या पावड्यात.
"आहे?" "आहे."
अर्धी खाली ओतली. "आहे?" "नाही."
ओतलेली परत उचलली. "आहे."
अर्ध्याची अर्धी. पाव. चिमूट.
गुडघे म्हणाले पुरे, मी म्हटलं जरा थांबा.
मग तळहातावर धूळ,
आणि धुळीत एक जण, जो फुंकरीनं उडेना.
थुंकी लावून पुसला.
भरतील तीन गुंजा, न भरतील.
एका कडेला गारगोटीचा दात चिकटलेला.

"तुम्हीपण ऐका," ती म्हणाली.
हेडफोन माझ्या कानांवर बसवले,
तिच्या कानांनी अजून कोमट.
खडा चिमटीत धरून तबकडीवरून
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
नजर माझ्या तोंडावर.

मी डोळे मिटले. मान डोलावली.
"ऐकलं," म्हटलं, "अगदी स्वच्छ. गोड आहे गं."

ती थोडा वेळ गप्प.
"आजोबा,
मी अजून मशीन चालूच नाही केलं."

खालची गुणगुण असते ना यंत्राची, संथ,
ती मला येते. ती तरी नाही
हे ध्यानात यायला हवं होतं.
खोटं बोलण्याच्या घाईत
येतं तेही ऐकायचं राहिलं.

हसलो. आधी ती, मग मी, मग पुन्हा ती.
खडा औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकला.
तो वाजला असेल.

उतरताना तिनं सांगायला घेतलं
आईशी काय झालं ते.
वारा समोरून, पायाखाली सुटे दगड,
निम्मं कळलं, निम्मं कड्यावरून गेलं.
मान डोलवायला उचललीच होती.
मग थांबलो, वाटेतच.
म्हटलं, "पुन्हा सांग.
या बाजूने ये. हळूहळू सांग."