आधी खूर बघ

लिलावात कोणीच बोली लावली नाही
म्हणून ती माझ्या अंगणात आली.
पशुसंवर्धन खात्याची जीप. दारावर अजून
पुसटशी गाय, एक शिंग गंजानं खाल्लेलं.
सव्वीस वर्षं मी हिच्या मागच्या बाकावर,
मांडीवर लसीचा डबा, त्यात विरघळणारा बर्फ.
पुढे डॉक्टर, मागे मी पट्टीबंधक.
गावासाठी दोघंही डाक्टरच.

झालं असं,
धान चुरून झाल्यावर तणस आणायला गेलो.
बोडीच्या पाळीखाली चिखल,
चारही चाकं जोडली. निघाली बिचारी, मुकाट.
नागभीडच्या डांबरी सडकेवर आलो
तर दांडी मागे यायला तयार नाही.
वळणावर कटकट, स्टिअरिंग जड,
कोणी शेपूट धरून ठेवल्यासारखी चालली.

फोनवर कवडू मिस्त्री न बघताच म्हणाला,
"बाक्स गेला जी. भंगारात टाका."
सव्वीस वर्षांत मी एकही जनावर
न बघता टाकलं नाही.

मग कडुलिंबाखाली मोहाच्या ओंडक्यांवर ती,
आणि तिच्या पोटाखाली पोत्यावर मी.
तळाचा नट काढला. तेल आलं ते
पहिल्या चिकासारखं, पिवळट, दाट.
पाणी प्यालीये. म्हणजे नाला ओलांडताना कधीतरी.
नटाला चिकटलेली लोखंडाची भुकटी बोटांत चोळली,
वास घेतला (सवय!),
भुकटी बारीक होती, दाताचा तुकडा नव्हता.
पुढच्या शाफ्टचा क्रॉस उघडला:
सुईसारखे रोलर, वाटीत एक-एक वाजत पडले,
गिरजाच्या सुपात मांडून मोजले.
एक कमी.
कोंबडीवर संशय आहे.

तीन आठवडे.
गिरजानं धुण्याचा साबण लपवून ठेवला.
नवा क्रॉस बसवला, नवं तेल भरलं, निपलांत ग्रीस.
सडकेवर नेली.
कटकट तीच. दांडी तशीच, हट्टी.

परत ओंडक्यांवर चढवली.
संध्याकाळी मोहुर्ल्यांची प्रणोती आली,
नववीतली पोट्टी, गळ्यात आईची शिवणाची टेप.
जीपभोवती एक फेरी मारली, म्हणाली,
"आजोबा, हे चाक मोठं हाये का जी?"
"कोणतं?"
"हे, पुढलं डावं."

साठ इंचांची टेप, दोनदा लावावी लागली.
खडूची खूण, मग उरलेलं.
एक, दोन, तीन चाकं जवळजवळ सारखी.
चौथं दीड इंचानं जास्त.
मागच्या दिवाळीत ब्रह्मपुरीहून आणलेला तो एकच नवा टायर.
पैसे एकाचेच होते.
तीन म्हातारे आणि एक गोऱ्हा, एका जुवाला.
चिखलात ज्याचं-त्याचं पाऊल घसरून निभतं,
सडक कोणाला सूट देत नाही.

मी पोत्यावरच बसून राहिलो.
दवाखान्यात नवा पोरगा आला की
पहिल्या दिवशी मीच सांगायचो:
लंगडं जनावर आलं तर खांदा नको चाचपू,
पुठ्ठा नको दाबू, पाय उचल,
आधी खूर बघ.
दहातली आठ तिथंच कळतात.
आणि मी तीन आठवडे
तिच्या पोटात हात घालून होतो.

नवा टायर स्टेपनीला टांगला,
स्टेपनीचा झिजका पुढे लावला.
प्रणोतीला बाजूला बसवलं,
टेप तिनं दप्तरासारखी कवटाळलेली.
चिखलात चारही जोडली, सडकेवर आणली,
चार हात मागे घेतली,
आणि दांडी सुटली.
ओढावी लागलीच नाही. कासेवर ओला हात
फिरवताच पान्हा सुटतो ना, तशी.

प्रणोती म्हणाली, "एवढंच?"
एवढंच, बापा.

ती सुई अजून सापडली नाही.
कोंबडी मात्र अंडी देते आहे.