मागच्या काचेवर

व्लास्तिमिलने शनिवारी बसमधून आणले ते,
कोटाच्या आत, छातीशी धरून,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पिशवी.
बाहेर उणे अकरा.
दारातच, बूट काढायच्या आधी म्हणाला :
पाच आहेत. हळू बोल.

मी चष्मा लावला.
आगकाडीएवढे, मळकट, ठिपक्यांचे प्लेको.
तोंड पोटाखाली,
घाईत उलटं शिवल्यासारखं.
याचे पैसे दिलेस? मी विचारलं.
असल्या प्रश्नांना तो उत्तर देत नाही.

पिशवी आधी नुसती तरंगू दिली पाण्यावर.
मग टाकीतलं पाणी थोडं थोडं तिच्यात,
दर दहा मिनिटांनी अर्धा पेला,
ओव्हनचं घड्याळ लावून.
माझ्या तिन्ही बाळंतपणांत हा माणूस
सातशे मीटर खाली होता.

लाकूड तीन आठवडे आधीच
टबात भिजत पडलेलं.
तोवर आम्ही मोरीत उभं राहून
जगानं अंग धुतलं,
आणि टबातलं पाणी झालं
कोऱ्या चहाच्या रंगाचं.
मातीच्या नळ्या त्यानं कुंभाराकडून भाजून घेतल्या,
करंगळी जेमतेम जाईल अशा,
एका टोकाला बंद.
पाठीला भिंत लागते, म्हणाला,
नाहीतर झोप येत नाही.
कुणाला, ते मी विचारलं नाही.

दिवा लावला
आणि पाचही नाहीसे.

रविवार. सोमवार.
नातू माटेय काचेला नाक लावून बसला तासभर,
मग म्हणाला, आजोबा, मासे कधी आणणार?

जानेवारीत कारविनाच्या बाजारात झुकिनी मिळते
मांसाच्या भावानं.
चकती उकळत्या पाण्यातून काढायची,
बुडावी म्हणून काट्याला टोचायची,
काटा माझ्या लग्नातल्या संचातला.
सकाळी गर नाहीसा,
हिरव्या सालीचं कडं तेवढं काट्याला.
म्हणजे कुणीतरी होतं रात्री.

रोज तो नळीत पाणी घेतो, थेंब टाकतो,
रंग बघतो उजेडासमोर धरून,
मान तिरकी,
वायू तपासायचा तशी.
चतुर्थांश पाणी काढतो,
बादलीत मुरलेलं, कोमट, तेवढंच घालतो.

बुधवारी रात्री दोनला मला जाग आली.
टॉर्चला चॉकलेटचा लाल कागद बांधून
हा गुडघ्यांवर टाकीपुढे.
चार, म्हणाला.
पुन्हा मोजले. चार.
लाकूड उचलून बघ ना, मी म्हटलं.
नाही. बाकीचे बिथरतात.

खाणीच्या दारात एक फळा होता,
वर आलेला माणूस त्यावर
आपला पितळी बिल्ला अडकवायचा.
एका मार्चमध्ये
रझेहोर्झचा खिळा रिकामा राहिला
अंधार पडेपर्यंत, मग दुसऱ्या दिवशीही.
मी थर्मास घेऊन कुंपणाशी उभी होते.
एकतीस वर्षांत
घरात हा विषय निघाला नाही.
आताही निघाला नाही.
तो नुसता मोजत राहिला, ओठांनी.

शुक्रवारी सकाळी धूळ पुसताना
टाकीमागे, भिंतीच्या फटीत,
माझा पावडरीचा आरसा घातला.
मागच्या काचेला चिकटून,
सगळ्यांकडे पाठ करून,
पोट माझ्या आरशाकडे :
खपाटीला गेलेलं नाही, गोल,
आतून झुकिनी हिरवट दिसावी इतकं तुडुंब,
आणि ते वेडं तोंड
काच चाटतंय, चाटतंय.

मी ओरडले नाही.
आत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला,
आरसा हातात दिला.

पायजम्यात, अनवाणी,
भिंतीला गाल चिकटवून
बराच वेळ बघत होता.
मग समोर येऊन बसला,
बाकीचे चार मोजले,
परत मागे गेला, पाच.
नाक पुसलं बाहीला.

झुकिनी संपलीय, म्हणाला,
आणि बूट शोधू लागला.
बाहेर उणे चौदा,
दुकान उघडायला अजून दीड तास.