पावतीवरचं नाव

पापाच्या तिकटीला, भर दुपारी,
पावतीसाठी नाव विचारलं
तर गोरा म्हातारा म्हणाला, सबातिये.
दोनदा खोडून लिहिलं.

सबाता म्हणजे पायताण,
त्याच्या आज्जीच्या बोलीत. फ्रेंच नव्हे, ऑक्सितान.
सबातिये म्हणजे ते शिवणारा.
"मग शिवता?"
हसला. पणज्यापासून
कुणी आरी धरलेली नाही घरात.

"आणि तुमचं?"

माझी रापी थांबली.
शाळेत घालताना आबांनी
गावाचं नाव लावलं, मुडशिंगीकर,
हजेरी घेताना
चामड्याचा वास येऊ नये म्हणून.

म्हाताऱ्यानं कापशी जोड
नाकाशी नेला,
डोळे मिटले कितीतरी वेळ.

मग घातला, दोन पावलं चालला.
करकर, करकर.
"नाव घेतंय," मी म्हटलं.
कुणाचं,
ते दोघांनीही विचारलं नाही.